दोन फुटांचे भाडेकरू

कुत्रा सोसायटीला चालत नाही. मांजर घरमालकाला चालत नाही. खिडकीतल्या कुंड्या आपल्याच्याने जगत नाहीत. मग उरतं काय? फिशटँक! भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या, सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला घरी उगवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा उपाय एकदम सही वाटतो. मासे भुंकत नाहीत, त्यांचे केस सोफ्यावर पडत नाहीत, त्यांना फिरायला न्यावं लागत नाही. बटण दाबलं की दिवा, चिमूटभर दाणे टाकले की जेवण. दिवसभराच्या मीटिंगांनंतर पाय पसरून बघत बसायचं. न्यूज चॅनेलपेक्षा तर शंभर पटींनी बरं!

आमच्याही घरात हा विषय असाच निघाला. ठाण्याच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला बरोबर दोन फुटांची भिंत मोकळी होती. घड्याळ लावायला मोठी आणि कपाट ठेवायला लहान. नवरोबाने टेप लावून मोजली आणि जाहीर करून टाकलं, "इथे टँक बसतोय." मी लगेच हो म्हटलं. मलाही घरात काहीतरी जिवंत, हलणारं हवंच होतं.

गंमत पुढे आहे. आमचा हा बेत ज्यांना ज्यांना सांगितला, त्या प्रत्येकाकडून एकच वाक्य ऐकायला मिळालं : "मासे टिकत नाहीत गं." ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, मामी म्हणाली, लिफ्टमध्ये भेटलेले दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी टँक होता आणि आता तो माळ्यावर पडलाय. शेजारच्या काकूंनी तर वर दिलासाही दिला, "मेला तरी वाईट वाटून घेऊ नकोस. घरावरचं काहीतरी संकट त्याने स्वतःवर घेतलं असं समजायचं."

हा फंडा तुम्हीही ऐकला असेल. त्यात माया आहे हे कबूल, पण तो भलताच सोयीचा आहे. मासा मेला तर त्याचं श्रेय संकटाला, आपण मोकळे! कुत्रा उपाशी राहिला तर बिल्डिंग डोक्यावर घेतो. मांजर नाराज झालं तर ओरबाडतं. माशाला आवाजच नाही. तो कोपऱ्यात जाऊन बसतो, खाणं सोडतो आणि एका सकाळी पालथा होऊन तरंगताना दिसतो. म्हणून या प्राण्याच्या बाबतीत निम्म्याहून जास्त काळजी त्याला घरी आणण्याआधीच घ्यावी लागते. कुठला मासा आणायचा आणि कुठला नाही, हे एकदा नीट ठरलं की पुढचं सगळं सोपं होतं. चुकलं, तर महागातला फिल्टरसुद्धा वाचवू शकत नाही.

दुकानातला छोटा, घरातला मोठा

कुर्ल्याचा शोभेच्या माशांचा बाजार रविवारी सकाळी बघण्यासारखा असतो. हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यात लाल, निळे, सोनेरी ठिपके, काचांवर नाक टेकवून उभी असलेली पोरं. आम्ही तिथे लागोपाठ तीन रविवार गेलो आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातांनी परत आलो. नवरोबा वैतागला होता, पण मी ठाम होते. कारण तिथे सगळंच दोन इंचांचं असतं! आणि त्यातला कोण दोन इंचांचाच राहणार आणि कोणाचं हे नुसतं बालपण आहे, हे पिशवीकडे बघून कळत नाही.

नवरोबाला पहिल्या नजरेत आवडला तो 'शार्क'. करड्या-चंदेरी रंगाचा, ऐटीत पोहणारा. नावात शार्क असला तरी हा खरं तर आग्नेय आशियातल्या नद्यांमधला कॅटफिश, म्हणजे मिश्यावाला मासा. पूर्ण वाढला की एक मीटरहून लांब होतो. आणि तुम्ही त्याला ओळखता बरं का! हॉटेलच्या मेनूकार्डवर 'बासा' म्हणून जो मिळतो, तो बहुतेक वेळा हाच असतो. हे सांगितल्यावर नवरोबा क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणजे पाळायचा की तळायचा ते आधी ठरवायला हवं."

मग यादी वाढतच गेली. ऑस्कर : ॲमेझॉनचा, पिल्लू भलतं गोड, मोठा झाला की फूटभर. एंजल : चपटा, देखणा, पण परांसकट त्याची उंची आठ इंचांच्या पुढे जाते आणि तोंडात मावेल असा छोटा मासा तो बिनदिक्कत गिळतो. फ्लॉवरहॉर्न : डोक्यावर टेंगूळ असलेला, वास्तुवाल्यांचा लाडका. मलेशियात नव्वदच्या दशकात संकर करून तयार केलेला हा मासा फूटभर वाढतो, शेजारी कोणी आवडत नाही, आणि त्या एकट्यालाच आमच्या टँकच्या चौपट पाणी लागतं. आणि 'काच साफ करतो' म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत फुकटात सरकवला जाणारा सकर फिश : तोही फूट-दीड फूट होतो, आणि साफ करतो त्यापेक्षा घाण जास्त करतो.

प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न विचारायचे : "भैया, हा पूर्ण वाढला की केवढा होतो?" आणि उत्तरही एकच यायचं, "मॅडम, टँक के हिसाब से बढ़ता है." हे ऐकायला छान वाटतं. मासा जणू जागा बघून स्वतःला आवरतो! प्रत्यक्षात दाटीच्या, खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते. ते लक्षण आजारपणाचं आहे, समजूतदारपणाचं नाही. चप्पल दोन नंबर लहान घातली म्हणून पाय लहान होत नाही, वाकडा होतो. तसंच.

आठ केशरी, एक काळा

गोल्डफिशबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे जाऊच शकत नाही. छोटा टँक म्हटला की आठ केशरी आणि एक काळा गोल्डफिश, हे फेंगशुईचं गणित आपल्याकडे घट्ट बसलंय. त्यातून जमत नसेल तर गोल काचेच्या बाऊलमध्ये निदान एक जोडी. टीपॉयवर क्यूट दिसते ना!

पण गोल्डफिश हा मुळात कार्पच्या घराण्यातला, म्हणजे आपल्या तळ्यातल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वीपासून तो अंगणातल्या तळ्यांत पाळला गेला. जाड्या पोटाचे, दुहेरी शेपटीचे प्रकार सहा ते आठ इंचांचे होतात आणि साधा सडपातळ गोल्डफिश फूटभरही वाढतो. तो सारखा खातो आणि सारखी घाण करतो. शिवाय त्याला थंड पाणी मानवतं, वीस अंशांच्या आसपासचं. मुंबईच्या मे महिन्यात बंद घरातलं पाणी तिशीच्या वर जातं, तेव्हा त्याचं काय होत असेल याची कल्पना करा. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. चार लिटरच्या बाऊलमध्ये तर तो श्वास घ्यायलाच धडपडत असतो आणि आपण म्हणतो, "बघ, वर येऊन खाऊ मागतोय!"

रोमच्या नगरपालिकेने २००५ साली असल्या गोल बाऊलवर बंदीच घातली. आणि नीट सांभाळला तर हाच मासा किती जगू शकतो? इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला 'टिश' नावाचा गोल्डफिश १९९९ साली गेला. त्रेचाळीस वर्षं! आपल्याकडे तो त्रेचाळीस दिवस काढतो आणि वर संकट झेलल्याचं पदकही मिळवतो.

गोल्डफिशला हवी मोठी टाकी किंवा अंगणातलं तळं. आमच्याकडे अंगण नाही. विषय संपला.

दुकानातला आणखी एक कोपरा आम्ही न थांबता ओलांडला. अंगावर गुलाबी-हिरव्या फ्लोरोसंट रेघा असलेले पारदर्शक मासे तुम्ही पाहिले असतील. ते मूळचे आपल्याच देशातल्या नद्यांमधले, काचेसारखे आरपार दिसणारे ग्लास फिश. त्यांच्या अंगात सुईने रंग भरलेला असतो. रंग काही महिन्यांत फिका होतो, जखमेचा त्रास मात्र माशाला होतोच. ज्या माशाचा रंग निसर्गाने दिलेला नाही त्याला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम झाला.

आधी नुसतं पाणी

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीच्या पलीकडचं नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. तळाची वाळू, दगड आणि वर सोडलेली दोन बोटं जागा वजा केली तर उरतं साधारण ४५ लिटर. म्हणजे आपल्या बाथरूममधल्या तीन बादल्या. एवढ्यात त्यांचं जेवण, आंघोळ, शौच, संसार, सगळं.

सगळ्यांना वाटतं, छोटा टँक म्हणजे कमी काम. असतं उलटंच! माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजलं की पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. मोठ्या टाकीत तो पसरून पातळ होतो, छोट्या टाकीत एक मेलेला मासा किंवा एक जास्तीची चिमूटसुद्धा पुरते. या अमोनियावर निसर्गाने उपाय ठेवलाय : सूक्ष्म जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंचसं निरुपद्रवी, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. पण हे जिवाणू दुकानातून टँकबरोबर येत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू वसाहत करतात आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणजे काय, तर शनिवारी टँक, रविवारी मासे आणि पुढच्या रविवारी रडारड, हा जो सर्रास घडणारा प्रकार आहे, त्याचं कारण इथे आहे. आमचा टँक पाच आठवडे नुसताच चालू होता. आत वाळू, दोन दगड, थोडी पाणवनस्पती, आणि मासे एकही नाही! जिवाणूंना खायला म्हणून मी रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचे. पाहुणे येऊन वाकून बघायचे आणि विचारायचे, "मासे कुठायत?" नवरोबा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "पारदर्शक आहेत." या पाच आठवड्यांचा दुसराही फायदा झाला. निवडायला वेळ मिळाला. दुकानात उभ्या उभ्या जो मोह होतो, तो घरी येऊन दोन दिवस विचार केला की निम्मा उतरतो.

तुमच्या नळाला काय येतं?

मासा निवडताना रंगाच्याही आधी बघायचं ते आपल्या नळाचं पाणी. मुंबई-ठाण्याला येणारं पाणी तानसा, वैतरणा, भातसासारख्या धरणांतलं, म्हणजे पावसाचंच. त्यात क्षार कमी, पाणी मऊ. पुण्यात धरणाचं पाणी ज्यांना मिळतं त्यांचंही साधारण तसंच. पण तुमची सोसायटी बोअर आणि टँकरवर चालत असेल, नळाच्या तोटीवर पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर ते पाणी जड. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी आवडतं. टेट्रा, रासबोरा, हनी गुरामी यांना मऊ. पाणी बदलून मासा जगवत बसण्यापेक्षा आहे त्या पाण्याला मानवेल तो मासा आणावा. पगार बघून घर घेण्यासारखंच आहे हे.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. ते माशांच्या कल्ल्यांना बाधतं आणि आपण पाच आठवडे पोसलेल्या जिवाणूंनाही मारतं. म्हणून बदलायच्या पाण्यात आधी क्लोरिन घालवणारे थेंब टाकायचे. ते कुठल्याही मत्स्यदुकानात मिळतात. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

तिसरी गोष्ट तापमान. आपले बहुतेक छोटे मासे उष्ण प्रदेशातले, २४ ते २८ अंशांत खूश. मुंबई-ठाण्यात हीटरची वेळ क्वचितच येते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात मात्र रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तिथे ५० वॉटचा छोटा हीटर हवाच.

कोणाकोणाला ठेवावं?

इतक्या चाळण्या लावल्यावर काही उरतं का? उरतं, आणि भरपूर उरतं! दोन फुटांच्या टँकसाठी माझा निकष साधा : पूर्ण वाढल्यावर दोन इंचांच्या आत राहणारा, भांडखोर नसलेला आणि आपल्या नळाचं पाणी मानवणारा.

तुमच्याकडे टँक फूटभराचाच असेल, पंचवीस लिटरच्या आसपासचा, तर डोळे मिटून बेटा, म्हणजेच फायटर निवडा. एकच. थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरांच्या उथळ पाण्यात वाढलेला हा मासा कल्ल्यांबरोबर थेट हवेतूनही श्वास घेऊ शकतो. म्हणूनच दुकानदार त्याला ग्लासभर पाण्यात ठेवतात आणि तो जगतो. पण जगणं आणि राहणं यात फरक आहे. ग्लासाऐवजी पंचवीस लिटर पाणी, एक-दोन रोपं, हलका फिल्टर आणि वर झाकण (कारण तो उडी मारतो) एवढं दिलं की हाच मासा तुम्हाला ओळखायला लागतो. दोन नर एकत्र मात्र कधीच नाही.

गप्पी सगळ्यांनाच माहीत. मुंबई महापालिका डासांच्या अळ्या खायला ते विहिरींत सोडते. रंगीत, काटक, नवशिक्यासाठी झक्कास. फक्त एक सांभाळा : मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एकदा, डझनांच्या हिशोबात. तिला दुकानातच नर भेटलेला असतो आणि त्याची ठेव ती कित्येक महिने वापरते! तेव्हा नुसते नरच आणा. सहा नर, टेन्शन संपलं.

झेब्रा डॅनिओ, अंगावर निळ्या आडव्या रेघांचा, हा तर अस्सल भारतीय. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्याची पहिली नोंद आहे. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या चिमुकल्यात जोडीदार सापडतो, हे २०१३ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन चालतं. काटकपणात याचा हात धरणारा नाही, पण तो धावपटू आहे. दोन फुटांपेक्षा लहान टँकमध्ये त्याला ठेवणं म्हणजे मॅरेथॉनवाल्याला लिफ्टमध्ये कोंडणं.

निऑन टेट्राच्या निळ्या-लाल रेघेवर कोण फिदा नाही? पण तो नाजूक आहे. टँकला तीन-चार महिने झाले, पाणी स्थिरावलं की मगच आणावा. आणि केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला मटारएवढा पी पफर? दिसायला कार्टून, स्वभावाने गुंड. इतरांचे पर कुरतडतो आणि गोगलगायी फोडून खातो. शिवाय निसर्गातून पकडून विकल्यामुळे त्याची संख्या घटली आहे. तो मी मनातून खोडला, थोड्या जड अंतःकरणाने.

लक्षात ठेवायची शेवटची गोष्ट म्हणजे थवा. टेट्रा, डॅनिओ, रासबोरा हे कळपाने जगणारे मासे. "एक हा, एक तो, दोन ते" अशी भेळ केली तर प्रत्येक जण एकटा पडतो, भेदरतो, रंग सोडतो. त्यापेक्षा एकाच जातीचे आठ घ्या. रंग कमी दिसतील, पण ते एकत्र वळतात तेव्हा जे दिसतं, ते दहा जातींच्या गर्दीत कधीच दिसत नाही.

आमचे दहा

शेवटी आमच्याकडे आले आठ हार्लेक्विन रासबोरा आणि हनी गुरामीची एक जोडी. बस्स, दहा! रासबोरा मलेशिया-सुमात्राकडचे, तांबूस अंगावर काळा त्रिकोण, दीड-पावणेदोन इंचांचे, मऊ पाण्यातले. ते मधल्या थरात फिरतात. गुरामी वरच्या थरात, रोपांच्या आडोशाने, सावकाश. हनी गुरामीही हॅमिल्टनच्याच पुस्तकातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. नर रंगात आला की मधासारखा केशरी होतो, गळ्याखाली काळानिळा, आणि पाण्यावर तोंडाने बुडबुडे सोडून घरटं बांधायला लागतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा नवरोबाने चक्क मॅच म्यूट केली.

दर रविवारी मी एक बादली पाणी बदलते. वीस मिनिटं लागतात. रोज संध्याकाळी एकदाच खायला, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गणपतीला पाच दिवस कोकणात जातो तेव्हा कोणालाही किल्ली देऊन जात नाही. तब्येतीने बऱ्या असलेल्या मोठ्या माशांना आठवडाभराचा उपास सहज झेपतो. त्यांना धोका असतो तो शेजारच्या काकूंच्या प्रेमाचा. अर्धी बाटली खाद्य पाण्यात पडलं की आपण परत येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

आणि हो, निवड चुकली तर मासा तळ्यात सोडता येईल, असा विचार करत असाल तर आत्ताच थांबा. ठाणं तलावांचं शहर. 'सोडून दिलं, पुण्य लागेल' म्हणत टँकमधला वाढलेला मासा तळ्यात सोडणारे इथे कमी नाहीत. टँकमध्ये न मावलेला सकर आज देशातल्या कित्येक जलाशयांत पसरलाय, उजनीतही मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतो. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि आपल्या नद्यांमधल्या माशांची जागा आणि अन्न तो घेतो. दुकानात फुकट मिळालेल्या एका दोन इंची माशाचं बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाटतं. मोठा झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला तरी. आणि त्याहून सोपं म्हणजे, आणूच नये.

मध्ये एकदा नवरोबाने पुन्हा विषय काढला. "दहाच मासे आहेत, अजून किती जागा आहे बघ. निदान एक एंजल?" मी त्याला दिवा लावून समोर बसवलं. आठही रासबोरा डावीकडच्या दगडापासून निघाले, एकाच वेळी वळले, सरळ उजव्या काचेपर्यंत गेले आणि तसेच परत आले. वर गुरामी आपल्या घरट्याखाली राखण करत होता आणि कोणी जवळ आलं की दोन वितींचा इलाका दाखवून त्याला परत पाठवत होता. दोन फुटांतला एकही इंच वाया जात नव्हता. नवरोबाने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "हाऊसफुल आहे गं."